एका काट्याची कुळकथा

दागिना म्हटला की आपल्याकडे तीन प्रश्न ठरलेले असतात. किती तोळ्यांचा? केवढ्याला पडला? आणि कुणाकडे घडवला? दिवाळीच्या चार दिवसांत हे तीन प्रश्न जितक्या वेळा कानांवर येतात तितक्या वेळा ‘चकली खुसखुशीत झाली आहे हो!’ हे वाक्यही येत नसेल. चौथा एक प्रश्न मात्र कुणी विचारीत नाही : या दागिन्याचा अर्थ काय? विचारण्याची गरजच पडत नाही. जो दागिना रोजच्या वापरात आहे त्याचा अर्थ घालणाऱ्याच्या अंगवळणी पडलेला असतो. मंगळसूत्राबरोबर माहितीपत्रक देणारा सराफ अजून जन्माला यायचा आहे. दागिन्याचा अर्थ शब्दांत सांगण्याची पाळी येते ती त्याचा मूळ वापर सुटला म्हणजे.

यंदाच्या दिवाळीसाठी आम्ही मुद्दाम असाच एक दागिना निवडला आहे. त्याचे माहेर आयर्लंड, आणि त्याचे भाऊबंद स्कॉटलंडात. नाव ब्रोच. ब्रोच आपल्या वाचकांना, विशेषतः वाचक भगिनींना, अगदीच परका नाही. पदर खांद्यावर नीट बसावा म्हणून आपल्या आज्या-पणज्यांनी तो वापरला, आणि जुन्या फोटोंत तो अजून चमकतो. पण आयरिश ब्रोचची गोष्ट वेगळी. तिकडच्या दुकानांत त्याची नक्कल विकत घेतली की बरोबर अर्थाची चिठ्ठी हमखास मिळते. या गाठीला आदी नाही आणि अंत नाही, म्हणून ही अमरत्वाची खूण. हे तीन वळसे म्हणजे भूमी, सागर आणि आकाश. कुणाच्या मते पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. आणखी कुणाच्या मते कुमारिका, माता आणि वृद्धा. गिऱ्हाइकाने आपल्याला मानवेल तो अर्थ घ्यावा आणि पैसे मोजावेत!

या चिठ्ठीत खरे किती आणि दुकानदारी किती, याचा थोडा शोध घेण्याचा आमचा विचार आहे. पण त्याआधी हा दागिना मुळात होता कशासाठी ते पाहू.

बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीचा आयरिश माणूस डोळ्यांपुढे आणा. अंगात तागाच्या कापडाचा लांब अंगरखा, त्याला म्हणत ‘लेन्य’. त्यावर लोकरीचा मोठा प्रावार, त्याला म्हणत ‘ब्रत’. हवा तर तिकडची अशी की पाऊस आता पडतो आहे की मघाशी पडून गेला एवढाच काय तो प्रश्न. हा जड प्रावार वाऱ्यात अंगावर राहावा कसा? गुंड्या-काज्यांची सोय नव्हती. मग दोन्ही काठ एकत्र धरून त्यांत टोकदार काटा खुपसायचा. जुन्या आयरिश भाषेत ब्रोचला शब्द आहे ‘देल्ग’, आणि देल्ग म्हणजे झाडाचा काटासुद्धा. या सगळ्या चांदी-सोन्याच्या डौलाची कुळकथा अशी एका काट्यापाशी सुरू होते.

नुसता काटा निसटतो. म्हणून कुणा शहाण्याने त्याला कडे जोडले. हे कडे पुरते बंद नसे, एका ठिकाणी त्याला फट ठेवलेली असे, आणि काट्याचे डोके कड्यावर हवे तसे सरकत असे. काटा कापडाच्या दोन घड्यांतून पार करायचा, त्याचे टोक फटीतून वर काढायचे आणि कडे किंचित फिरवायचे. झाले कुलूप बंद! वारा कितीही सुटला तरी काटा मागे येत नाही. इतकी साधी, इतकी बिनचूक युक्ती, की तिच्या पुढे आजची सेफ्टी पिनसुद्धा थोडी गुंतागुंतीची वाटावी.

पण माणसाच्या हाती उपयोगाची वस्तू आली की तिच्यावर मानपान चढायला कितीसा वेळ लागतो? इसवी सन ७०० च्या सुमारास आयर्लंडातल्या कारागिरांनी कड्याची दोन्ही टोके रुंद करीत आणली आणि शेवटी ती चक्क जोडून टाकली. का? तर नक्षीला जागा हवी होती! फट बुजली आणि कुलूपही गेले. आता कडे नुसते शोभेचे, आणि काटा जागी राहावा म्हणून त्याला दोऱ्याचा किंवा साखळीचा आधार. सोयीने मानापुढे मान तुकवली. तुम्ही आम्ही हसू नये. दाराची कडी चांदीची केल्यावर ती लावायची नाही अशी ताकीद देणारे गृहस्थ सर्व देशांत असतात.

हा मान किती काटेकोर होता ते जुन्या आयरिश कायद्यांवरून कळते. त्या काळी मुलांना लहानपणी दुसऱ्या घरी वाढायला ठेवण्याची चाल होती. अशा मुलाला पालक घराने काय खायला घालावे, काय नेसवावे, हे त्याच्या बापाच्या पदवीप्रमाणे कायद्याने ठरवून दिले होते. त्यात ब्रोचचाही नियम आहे. मोठ्या राजाच्या मुलाचा ब्रोच सोन्याचा आणि स्फटिक जडवलेला. त्याखालच्या घराण्यांतल्या मुलांचा चांदीचा. म्हणजे अंगणात चार पोरे खेळत असली तरी खांद्याकडे एक नजर टाकताच कोण कुणाचा हे कळायचे. जुन्या आयरिश कथांतही वीर रंगभूमीवर येतो तो केसांच्या रंगासह, प्रावाराच्या रंगासह आणि ब्रोचसह. नाव मागाहून.

याच कायद्यांत एक तरतूद मोठी मौजेची आहे. हे काटे लांबलचक असत. गर्दीत कुणाला टोचला तर दोष कुणाचा? उत्तर असे की पुरुषाने तो खांद्यावर आणि स्त्रीने छातीवर, रीतीप्रमाणे लावला असेल आणि टोक वाजवीपेक्षा बाहेर आले नसेल, तर भरपाई नाही. मिरवा खुशाल, पण तुमच्या मिरवण्याने शेजाऱ्याच्या डोळ्याला इजा होता कामा नये! दागिन्यांविषयी याहून शहाणा कायदा आमच्या वाचनात नाही.

आता या सगळ्या ब्रोचांच्या पट्टराणीकडे वळू. तिचे नाव ‘तारा ब्रोच’. हा तारा आकाशातला नव्हे आणि वालीच्या पत्नीशीही याचा काही संबंध नाही. तारा हे आयर्लंडच्या मीथ परगण्यातल्या एका टेकडीचे नाव. आयर्लंडच्या थोर राजांचे ते परंपरागत पीठ. हा ब्रोच आज डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि तो आठव्या शतकाच्या आरंभीचा मानतात.

आकार म्हणाल तर कड्याचा व्यास साडेआठ-नऊ सेंटिमीटर, म्हणजे तळहातावर मावणारा. काटा मात्र सुमारे ३२ सेंटिमीटर, फूटभराहून लांब. अंग ओतीव चांदीचे, वर सोन्याचा मुलामा. त्या तळहाताएवढ्या जागेत कारागिराने कितीतरी चिमुकले चौक पाडले आहेत आणि एकेका चौकात सोन्याच्या केसासारख्या तारेने प्राणी वळवून बसवले आहेत. एक प्राणी स्वतःच्याच अंगाभोवती फिरून आपलीच शेपटी पकडायला निघालेला. मध्ये मध्ये तृणमणी आणि रंगीत काचेचे खडे. भिंगाशिवाय यांतले निम्मे दिसतही नाही, आणि ज्याने केले त्याच्याजवळ आजची भिंगे नव्हती.

कळस तर पुढेच आहे. ब्रोच उलटा करून पाहावा तो पाठीमागेही तितकीच नक्षी! पाठ म्हणजे अंगाला टेकणारी बाजू. ब्रोच लावला की ती कुणालाही दिसायची नाही. पण तिथे कारागिराने वळसेच वळसे आणि पक्ष्यांच्या रांगा कोरल्या आहेत. जी बाजू फक्त घालणाऱ्याला आणि घडवणाऱ्याला माहीत, तिच्यावरही त्याने हात आखडला नाही.

ब्रोचच्या एका बाजूला चांदीच्या तारेची विणलेली साखळी लोंबते, बहुधा ब्रोच जागी राहावा म्हणून. तिच्या जोडावर काचेचे दोन इवलेसे मानवी चेहरे आहेत. अशा विणीच्या साखळीकामाला युरोपातल्या जुन्या संशोधकांनी काय नाव दिले असेल? ‘त्रिचनापल्ली’! आपल्या दक्षिणेतल्या त्या शहराच्या सोनारांच्या साखळ्या एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात नावाजलेल्या होत्या, म्हणून तसली वीण कुठेही दिसली की तिला त्रिचनापल्ली म्हणण्याचा प्रघात पडला. याचा अर्थ कावेरीकाठचा सोनार आठव्या शतकात आयर्लंडला गेला होता असा कुणी काढू नये. नाव मागाहून चिकटले, एवढेच. पण नाव मागाहून चिकटते, ही गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याला ती लगेच लागणार आहे.

कारण तारा ब्रोच ताऱ्याच्या टेकडीवर सापडलेलाच नाही.

तो सापडला १८५० साली, बेटीसटाउन नावाच्या समुद्रकाठच्या गावी. टेकडीपासून हे गाव चांगले २५-३० किलोमीटर दूर. गोष्ट अशी सांगतात की एका गरीब बाईला, किंवा तिच्या मुलांना, तो किनाऱ्यावर मिळाला. यावरही जाणकार डोळे मिचकावतात. जमिनीत सापडला म्हटले तर जमीनदार हक्क सांगायला येतो. समुद्रकाठी सापडला म्हटले की तो प्रश्न मिटला! तेव्हा किनाऱ्याची कथा ही त्या बाईची वकिली असण्याचा संभव पुष्कळ आहे.

तिला दोष देण्यापूर्वी साल पाहा. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याचे पीक कुजत होते. त्या भीषण दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून जहाजांत बसली. अशा दिवसांत त्या बाईने हा ब्रोच जवळच्या ड्रॉहेडा गावी जुने लोखंड घेणाऱ्याकडे नेला. त्याने म्हणे तो परत केला. इतकी हलकी, क्षुल्लक चीज घेऊन करायचे काय? मग एका घड्याळजीने घेतला, साफसूफ केला आणि डब्लिनला नेऊन विकला. बाईला जितके पेन्स दिले जवळजवळ तितके पौंड त्याने मिळवले, असे त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवले आहे. त्या बाईचे पुढे काय झाले ते कुणी लिहून ठेवलेले नाही.

डब्लिनला ज्याने तो घेतला तो जॉर्ज वॉटरहाउस नावाचा जवाहिऱ्या. गृहस्थ धंद्यात पक्का. जुन्या आयरिश ब्रोचांच्या नकला विकण्याचा व्यापार तेव्हा नुकताच रंगात आला होता. ‘बेटीसटाउनचा ब्रोच’ म्हणून कोण घेणार? त्याने नाव ठेवले ‘राजेशाही तारा ब्रोच’. झाले! टेकडीचा, राजांचा, गतवैभवाचा सगळा मुलामा एका शब्दात चढला. ब्रोच विंडसरच्या राजवाड्यात राणी व्हिक्टोरियाला दाखवला गेला, १८५१ च्या लंडनच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनात मांडला गेला, १८५५ साली पॅरिसलाही जाऊन आला. नकला हातोहात खपल्या. पुढे मूळ ब्रोच रॉयल आयरिश अकॅडमीच्या संग्रहात आला आणि तिथून राष्ट्रीय संग्रहालयात. या फिरतीत त्याचे काही चिमुकले चौक मात्र हरवले. जमिनीत हजारावर वर्षे जे टिकले ते प्रदर्शनांच्या वीस वर्षांत गळून गेले.

म्हणजे या ब्रोचच्या नावातच जाहिरात आहे. मग चिठ्ठीवरच्या अर्थांचे काय?

एकेक घेऊ. आधी ते तीन वळसे. बेटीसटाउनजवळून बॉइन नावाची नदी समुद्राला मिळते. तिच्या काठाने वर गेले की न्यूग्रेंज येथे दगडांची एक प्रचंड समाधी आहे. तिच्या आतल्या शिळेवर हेच तीन वळसे कोरलेले आहेत. समाधी इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमाराची. केल्टिक भाषा बोलणारे लोक त्या बेटावर आले ते याहून फार मागाहून. तेव्हा ही खूण मुळात केल्टांची नव्हे, ख्रिस्ती त्रैक्याची तर नव्हेच. आणि ज्यांनी ती कोरली त्यांची भाषा कोणती हेही कुणाला माहीत नाही, मग अर्थ कुठून सांगणार? ब्रोचांवरचे वळसे बरेच अलीकडचे, लोहयुगातल्या कारागिरांच्या परंपरेतून आलेले. त्यांच्या मनात काय होते तेही त्यांनी लिहिलेले नाही.

आता ती अनादि-अनंत गाठ. एकमेकींत गुंतलेल्या पट्ट्यांची नक्षी भूमध्य समुद्राच्या भोवतालच्या देशांतून आली. आपलीच शेपटी चावणारे प्राणी जर्मन टोळ्यांच्या सोनारांकडून आले. खांद्यावर भारी ब्रोच लावून अधिकार दाखवण्याची कल्पनाही रोमन दरबारातली असावी असे पुष्कळ पंडित मानतात; इटलीत रावेना येथे सहाव्या शतकातले सम्राट जस्टिनियनचे भित्तिचित्र आहे, त्यात त्याच्या खांद्यावरचा रत्नजडित ब्रोच ठळक दिसतो. आयरिश कारागिराने हे सगळे घेतले, त्यात घरचे वळसे मिसळले आणि असे काही एकजीव केले की ज्यांच्याकडून घेतले त्यांनी पाहून थक्क व्हावे. पुऱ्याला तिखटमीठ बाहेरचे असले तरी चव सुगरणीची असते.

इतकेच काय, ‘केल्टिक’ हे नावही मागाहूनचे! ज्यांनी हे ब्रोच घातले ते स्वतःला गेल म्हणत. या बेटांवरच्या भाषांना केल्टिक म्हणण्याचा पायंडा पडला तो एडवर्ड लुइड या पंडिताच्या १७०७ सालच्या ग्रंथानंतर. एकूण काय, तारा हे नाव मागाहूनचे, केल्टिक हे नाव मागाहूनचे, आणि चिठ्ठी तर कालपरवा छापलेली.

मग या ब्रोचांना अर्थ नव्हताच की काय? होता तर! आणि तो आपल्याला थोडाफार वाचताही येतो. त्यासाठी स्कॉटलंडला जायला हवे.

एअरशायरमध्ये हंटर्सटन नावाच्या ठिकाणी १८३० च्या सुमारास एक ब्रोच सापडला. घडण तारा ब्रोचच्याच घराण्यातली, काळही तोच, ७०० च्या आसपासचा. सध्या तो एडिंबरोच्या संग्रहालयात आहे. याच्या ऐन मधल्या चौकात क्रूस आहे. इथे अंदाजाची गरज नाही; घडवणारा आणि घालणारा दोघेही ख्रिस्ती जगातले होते आणि खूण सर्वांना ठाऊक होती. आयर्लंडात मॉनास्टरबॉइस येथे दहाव्या शतकाच्या आरंभीचा एक उंच दगडी क्रूस आहे. त्यावर ख्रिस्ताला शिपाई धरून नेत आहेत असा देखावा आहे, आणि त्या दगडी ख्रिस्ताच्या खांद्यावर आयरिश ब्रोच आहे! शिल्पकाराला सांगायचे होते की हा कैदी राजा आहे. ते सांगायला त्याने मुकुट वापरला नाही, खांद्यावर ब्रोच लावला. पाहणाऱ्या शेतकऱ्याला ते विनाचिठ्ठीचे कळले. दागिन्याचा जिवंत अर्थ म्हणतात तो असा.

हंटर्सटनच्या ब्रोचच्या पाठीवर आणखी एक गोष्ट आहे. घडवल्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी, दहाव्या शतकात, कुणी तरी तिथे टोकदार हत्याराने अक्षरे ओरखडली. लिपी रून, म्हणजे उत्तरेकडच्या व्हायकिंगांची. मजकूर एवढाच : हा ब्रोच मेलब्रिग्दाचा आहे. लिपी आणि भाषा व्हायकिंगांची, पण नाव पाहा. मेलब्रिग्दा म्हणजे ब्रिग्दादास, संत ब्रिजिडचा सेवक. शुद्ध गेलिक नाव. ज्या लुटारूंनी मठ जाळले त्यांच्याच लिपीत एक गेल आपला हक्क लिहितो आहे. की आई गेल आणि बाप व्हायकिंग? काही असो. तीन पिढ्यांपूर्वी जे एकमेकांचे गळे कापत होते त्यांचा संसार एव्हाना एकत्र झालेला दिसतो, आणि त्याचा पुरावा इतिहासकाराच्या पोथीत मिळाला नाही इतका स्वच्छ या ब्रोचच्या पाठीवर मिळाला. मेलब्रिग्दाला अमरत्वाच्या गाठीशी कर्तव्य नव्हते. भांड्यावर नाव घालणाऱ्या आपल्या गृहिणींइतकाच तो व्यवहारी होता. ‘हे माझे आहे’, एवढाच त्याने लावलेला अर्थ.

दुसरे उदाहरण ब्रेडलबेन ब्रोचचे. हा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आयर्लंडात घडवला तेव्हा त्याचे कडे तिकडच्या रीतीप्रमाणे बंद होते. मग तो स्कॉटलंडात गेला. तिथल्या पिक्ट लोकांना फटीचा ब्रोच लावायची सवय. त्यांनी काय करावे? मधला जोड सरळ कापून काढला आणि फट मोकळी केली! त्या नक्षीचा अर्थ काय, ती तोडली तर कोणते पाप लागेल, असला विचार कुणाच्या डोक्यात आला नसावा. नव्या घरी आलेल्या सुनेच्या बांगड्या मोडून पाटल्या कराव्यात तसा प्रकार.

आणि अगदी गरिबाघरचा अर्थ पाहायचा असेल तर स्कॉटलंडचाच ‘लकनबूथ’ ब्रोच पाहावा. हा फार पुढचा. एडिंबरोच्या सेंट जाइल्स चर्चपाशी कुलपे घालून बंद होणारी छोटी दुकाने होती, त्यांवरून हे नाव. चांदीचे लहानसे हृदय, कधी दोन गुंतलेली हृदये, वर मुकुट. वाङ्‌निश्चयाला मुलगा मुलीला हा देई. पुढे तोच ब्रोच तान्ह्या बाळाच्या दुपट्याला लावीत, दृष्ट लागू नये आणि पऱ्यांनी बाळ पळवू नये म्हणून. यालाही मागाहून राणी मेरी स्टुअर्टची प्रेमकथा चिकटवली गेली आहे; ती विक्रीला बरी. पण ज्या आईने तो बाळाच्या दुपट्याला टोचला तिला राणीच्या कथेची गरज नव्हती. तिच्या मनात काय होते ते कुठल्याही देशातल्या आईला विचारावे.

आता प्रामाणिकपणे एक आक्षेप घेतला पाहिजे. तारा हे नाव जवाहिऱ्याने धंद्यासाठी ठेवले हे कबूल. म्हणून ते खोटे म्हणायचे का? दुष्काळाने अर्धमेल्या झालेल्या, परक्यांच्या राज्यात भाषाही गमावत चाललेल्या लोकांना कुणी येऊन सांगितले की तुमच्या पूर्वजांच्या हातांना हे साधत होते. त्याचा परिणाम काय होतो ते आपणांस सांगायला नको. १८९३ साली आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी गेलिक लीग निघाली. त्या काळात प्रावार आणि ब्रोच पुन्हा अंगावर चढले. आता पदवी दाखवायला नव्हे, आपण आयरिश आहोत हे दाखवायला. १९१४ साली स्त्रियांची ‘कुमन ना मबन’ ही राष्ट्रवादी संघटना स्थापन झाली. तिचे बोधचिन्ह होते एक ब्रोच, आणि त्यात अक्षरांबरोबर एक रायफल! आज आयरिश नृत्य करणाऱ्या मुली खांद्यावरची ओढणी अडकवायला तारा ब्रोचची नक्कल लावतात. व्यापाऱ्याने लावलेले नाव लोकांनी उचलले, त्यासाठी धक्के खाल्ले, आणि ते खरे झाले. मुलाचे नाव कुणी ठेवले याला महत्त्व किती? त्या नावाने हाक मारल्यावर तो ओ देतो की नाही, हे पाहायचे.

आमचे भांडण चिठ्ठीशी आहे ते एवढ्याचसाठी. ‘आम्ही या ब्रोचला हा अर्थ दिला’ असे म्हणण्याचा अधिकार लोकांना आहे आणि तो त्यांनी वापरला. पण ‘हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराच्या मनात हाच अर्थ होता’ असे सांगणे म्हणजे मुक्या माणसाच्या तोंडी आपले शब्द घालणे. तो कारागीर आपले नावसुद्धा मागे ठेवून गेला नाही. त्याच्याजवळचे जे काही होते ते त्याने चांदीत ठेवले, पाठीमागच्या न दिसणाऱ्या बाजूवरही ठेवले. तेवढे नीट पाहावे, हा त्याचा आपल्यावरचा हक्क आहे. चिठ्ठी हाती आली की माणूस चिठ्ठी वाचतो आणि ब्रोच पाहायचा राहतो.

आणि राहता राहिली ती बेटीसटाउनची बाई. तिच्या नशिबी चार पेन्स आले, वॉटरहाउसच्या नशिबी कीर्ती. हा हिशोब पुरा व्हायला फार वर्षे लागली. १९८० साली टिपररी परगण्यात डेरीनाफ्लान येथे धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या बापलेकांना जुन्या मठाच्या जागी चांदीचा पेला, तबक अशी अमोल पूजापात्रे सापडली. मालक कोण यावरून खटला आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शेवटी वस्तू राष्ट्राच्या झाल्या, शोधणाऱ्यांना बक्षीस मिळाले, आणि १९९४ च्या कायद्याने स्पष्टच ठरले की जमिनीत सापडणारी, मालक अज्ञात असलेली अशी प्राचीन वस्तू सरकारची. म्हणजे आता जमीनदाराच्या भीतीने कुणाला किनाऱ्याची कथा रचायला नको, आणि घड्याळजीला पेन्सांचे पौंड करायला नकोत. मेलब्रिग्दाने ओरखडलेल्या ‘हे माझे आहे’ या वाक्यात एका शब्दाचा फरक झाला : हे आमचे आहे.

असा हा एका काट्याचा प्रवास. प्रावार सावरायला निघाला, मानकऱ्यांच्या खांद्यावर चढला, मातीत गेला, भाकरीच्या मोबदल्यात विकला गेला, राजवाडा पाहून आला आणि अखेर एका देशाच्या खांद्यावर जाऊन बसला. प्रत्येक वळणावर त्याचा अर्थ त्या त्या वेळी तो घालणाऱ्यांनी ठरवला.

वाचकहो, या दिवाळीला घरातली दागिन्यांची पेटी उघडाल तेव्हा वजन आणि भाव यांचा विचार जरूर करा. महागाईचे दिवस आहेत. पण घरात कुणी वडीलधारे असेल तर एखादा जुना डाग त्यांच्या हाती देऊन विचारा, हा कुणी, कधी, कशासाठी घातला होता? जे सांगतील ते लिहून ठेवा. नाही तर आणखी शंभर वर्षांनी त्याच्याबरोबरही कुणी तरी छापील चिठ्ठी देईल, आणि तिच्यात तुमच्या आजीचे नाव नसेल.